गच्चीवरची बाज आणि आईची शाळा

आई पुण्याहून फरीदाबादला आली ती नातवंडांना शाळेत घालायचंच असं ठरवून. फोनवर तिने हे सांगितलं नव्हतं. थंडी संपेपर्यंत राहीन म्हणते, एवढंच म्हणाली होती. खरं तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण इथली थंडी सोसत नाही म्हणून दिवाळीनंतर ती कधी दिल्लीच्या बाजूला फिरकायची नाही. निजामुद्दीनला गाडीतून उतरली तेव्हा तिच्या दोन बॅगांपैकी एक इतकी जड होती की मला ती दोन हातांनी उचलावी लागली. घरी येऊन उघडली, तर वर भाजणीची पिशवी आणि खाली सगळी पाठ्यपुस्तकं. तिसरीपासून सातवीपर्यंतची, ओळखीपाळखीच्या मुलांकडून मागून आणलेली, काहींच्या चित्रांना मिशा काढलेल्या.

आई पुण्यात मुलींच्या एका शाळेत आधी गणित शिकवायची आणि नंतर मुख्याध्यापिका झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अजूनही ती खोलीत आली की बसलेली माणसं सावरून बसतात. आपली नातवंडं शाळेत जात नाहीत ही गोष्ट तिने पुण्यात फारशी कुणाला सांगितली नव्हती. कुणी विचारलंच तर "तिकडे छान चाललंय त्यांचं" म्हणून ती विषय बदलायची.

आम्हीही काही मोठा विचार करून शाळा सोडलेली नव्हती. करोनाच्या काळात मुलगी पहिलीत होती. ती लॅपटॉपपुढे बसायची, कॅमेरा बंद करायची आणि टेबलाखाली हातांनी काहीतरी करत राहायची. एकदा वाकून पाहिलं, तर माझा लोकरीचा एक अख्खा स्वेटर तिने बाहीपासून गळ्यापर्यंत उसवून त्याचा गुंडा केला होता. माझी बायको वसईची, ख्रिस्ती घरातली. तिची आई चर्चमधल्या वेदीसाठी क्रोशाच्या झालरी विणायची आणि मुलींनाही विणायला बसवायची. बायकोने स्वेटरचं दुःख न करता मुलीच्या हातात क्रोशाची सुई दिली. पुढे शाळा उघडल्या तेव्हा मुलगी म्हणाली, एवढं पुरं करते आणि जाते. ते एवढं काही संपलंच नाही. एक वर्ष बघू म्हणून थांबलो, मग दुसरं गेलं, आणि तोवर धाकटा शाळेच्या वयाचा होऊन तोही घरीच राहिला.

बायको सकाळी मेट्रोने दिल्लीत ऑफिसला जाते. मी एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करतो. त्यामुळे मुलांचं शिकणं माझ्या वाट्याला आलं, म्हणजे माझ्या दोन मीटिंगांच्या मध्ये जेवढं बसेल तेवढं. बाकीचा वेळ मुलं हातांनी काहीतरी करत असतात. विणतात, रंगवतात, टोपल्या करायचा प्रयत्न करतात, मातीची भांडी थापतात आणि ती गॅसवर भाजायला घेऊन फोडतात. त्यातून गणित, इतिहास, भूगोल जसा येईल तसा येतो. जे येत नाही ते आम्ही संध्याकाळी पुस्तकातून घेतो. मुलगी पुढे मुक्त विद्यालयाची परीक्षा देईल असं आमच्या मनात होतं.

आई आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला स्वयंपाकघरात गेली. गॅसवर मोठं पातेलं होतं. तिने झाकण काढलं, तर आत कांद्याची सालं उकळत होती आणि त्यात सुताच्या लडी बुडवलेल्या. तिने मला हाक मारून विचारलं, ही कसली भाजी. मी सांगितलं की मुलीला पिवळ्या रंगाचं सूत हवंय. आईने झाकण परत ठेवलं आणि बाजूच्या शेगडीवर निमूटपणे चहा टाकला. त्या निमूटपणाची मला लहानपणापासून ओळख आहे. नाश्ता झाल्यावर तिने देवघरातली पितळी घंटा उचलली, बैठकीच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि जोरजोरात वाजवली.

"उद्यापासून रोज या वेळेला," ती म्हणाली.

मला वाटलं मुलं आता पळून जातील. पण झालं उलटंच. शाळा नावाचा हा खेळ त्यांना फारच आवडला. दुसऱ्या दिवशी दोघंही केस विंचरून, पाटी-पुस्तक घेऊन, घंटा व्हायच्या आधीच जमिनीवर ओळीने बसली होती. दोनच जण असल्यामुळे ती ओळ फार लांब नव्हती, तरी आई तिच्यासमोरून इकडून तिकडे फिरली. हजेरी घेतली. धाकट्याने "प्रेझेंट" म्हटलं. आईने सांगितलं की "हजर" म्हणायचं, तर त्याने विचारलं, "म्हणजे हाज़िर ना?" मुलगी मध्येच हात वर करून म्हणाली, "बाई, पाणी प्यायला जाऊ?" आणि आई इतक्या वर्षांच्या सवयीने "जा, लवकर ये" म्हणून गेली. शेजारच्या खोलीत माझी मीटिंग चालली होती. मला मायक्रोफोन बंद करून हसावं लागलं.

शिक्षिका म्हणून आई उत्तमच. भाकरीचे तुकडे न करता, आंबे न वाटता तिने धाकट्याला अपूर्णांक शिकवले, नुसत्या एका दोरीला गाठी मारून. मुलीला पाढे धड येत नाहीत हे तिला कळलं आणि ती दुखावली. पण त्याच मुलीने एका पट्ट्याला किती सूत लागेल याचा हिशोब तोंडी करून दाखवला तेव्हा तिने तो कागदावर ताडून पाहिला आणि बरोबरची खूण केली. मराठीची मात्र खरोखर पंचाईत होती. मुलांचं मराठी बोलणं आमच्याशी चांगलं, पण त्यात मोठमोठी भोकं. सुईत दोरा ओव म्हटलं की दोघं एकमेकांकडे बघायची. पिरोना म्हटलं की लगेच कळायचं. आईने याचा चंगच बांधला. टाका, उसवणे, दुमडणे, पीळ, गुंता, सगळे शब्द ती दिवसभर पेरत राहायची.

आणि हे सगळं चालू असताना ती मला अधूनमधून आठवण करून द्यायची की शाळांचे प्रवेश थंडीतच सुरू होतात. एकदा ती मुलीला घेऊन आमच्या सेक्टरमधली एक शाळा नुसती बघून येते म्हणून गेली. पहारेकऱ्याशी आपल्या पुणेरी हिंदीत बोलून आतपर्यंत पोचली. परत आल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेचं कौतुक तिने जेवताना केलं. बास्केटबॉलचं कोर्ट मोठं आहे, एवढंच मुलगी म्हणाली, आणि आपल्या कामाला लागली.

आमच्या खाली, तळमजल्यावर एक हरयाणवी म्हातारी राहते. मुलगा-सून नोकरीला जातात, ती दिवसभर अंगणात ऊन धरून बसते. इकडच्या रीतीप्रमाणे आमची मुलं तिला ताई म्हणतात. आईला आधी हे कळेचना. एवढ्या वयाच्या बाईला ताई कसं म्हणता, आजी म्हणा, असं तिने मुलांना बजावलं. मुलीने समजावून सांगितलं की इकडे ताई म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मग आई म्हणाली, ती माझ्याहून मोठी आहे, मग मी तिला काय म्हणू. यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी आईही तिला ताईच म्हणायला लागली. ताई आईला "मास्टरनी" म्हणायची.

या ताईच्या कोठीत एक जुनी खाट उभी करून ठेवलेली होती. लाकूड भक्कम, पण दोरी कुजून लोंबत होती. भंगारवाल्याला द्यायची ठरली तेव्हा आमच्या मुलीने ती मागून घेतली. गच्चीवर नेऊन ती पुन्हा विणायची, असा तिचा बेत. ताई लग्नाआधी माहेरच्या गावात खाटा विणायची, ती शिकवीन म्हणाली. आईला विचारलं तर तिने अट घातली की सकाळची शाळा आधी, बाज नंतर. बाज हा शब्द मुलांना नवीन होता. त्यांना तो इतका आवडला की त्यानंतर घरात कुणी खाट म्हटलंच नाही.

तर आमच्या गच्चीवर ती बाज आली. मी बाजारातून सुताची जाड दोरी आणली, पांढरी. त्यातली थोडी मुलांनी डाळिंबाच्या सालांनी आणि थोडी मंजिष्ठेच्या मुळांनी रंगवली, त्यामुळे पिवळसर आणि विटकरी असे दोन रंग मिळाले. दुपारी ऊन आलं की ताई लिफ्टने वरच्या मजल्यापर्यंत आणि मग कठडा धरत धरत गच्चीचा जिना चढून यायची. तिच्यासाठी खुर्ची, आईसाठी खुर्ची. मुलं जमिनीवर. विणायला समोरासमोर दोघं लागतात, एकाने दोरी घालायची आणि दुसऱ्याने ओढून घट्ट करायची. मुलगी घालायची, धाकटा ओढायचा. ताई ओरडायची, "छोरे, कस के खींच!" आई तिच्या हिंदीत म्हणायची, "अरे, उसको ऐसा नहीं खेचने का, हाथ कापेगा." दोघींना एकमेकींचं निम्मंच कळायचं, पण त्या दोघी दिवसभर बोलत असायच्या.

पहिला कोपरा सुरेख उतरला. मग ताई अडकली. गावाकडे त्यांच्या खाटांवर मधोमध चौकटीच्या आत चौकट अशी नक्षी असायची, तीच तिला घालायची होती. पण हात आखडलेले आणि मधली सगळी वर्षं गेलेली. इथून पुढे किती दोऱ्या वर घ्यायच्या आणि किती खाली, ते तिला आठवेना. ती डोळे मिटून हवेत बोटं हलवायची, मग मान हलवायची. एक दिवस ती वर आलीच नाही. सुनेने सांगितलं, तब्येत ठीक आहे, पण रुसल्यासारखी बसलीय.

संध्याकाळी आई खाली गेली. ती ताईकडे आपणहून गेली अशी ती पहिलीच वेळ. सोबत धाकट्याच्या गणिताच्या वहीतलं चौकटींचं एक पान आणि पेन्सिल. परतली तेव्हा पानावर फुल्या आणि गोळे होते. तिने ताईला नक्षी विचारलीच नव्हती. नुसतं विचारलं होतं की तुझ्या आईच्या खाटेवर झोपलीस तर पाठीखाली काय लागायचं, काठ कुठे यायचा, मधला चौक कुठे. ताईने चादरीवर बोट फिरवून दाखवलं आणि आईने ते चौकटींत उतरवलं. मग मुलीने त्या कागदावर दोऱ्या मोजल्या आणि म्हणाली की एका कडेला एक ओळ कमी पडतेय, मध्य सरकतोय. आईने पान तिच्या हातातून घेतलं, चष्मा वर करून पाहिलं, खोडलं, पुन्हा काढलं. रात्रीच्या जेवणाआधी दोघींनी मिळून सगळं गणित जुळवलं. आईचे गाल लाल झाले होते. शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला तिचे असेच व्हायचे.

दुसऱ्या दिवशी ताई वर आली. कागद तिला काही कळला नाही, पण मुलीने त्याप्रमाणे दोन ओळी घातल्यावर ती टाळी वाजवून हसली. "यही सै," म्हणाली, म्हणजे हेच ते.

काम निम्म्यावर आलं असताना धाकट्याची एक ओळ चुकली होती हे आईच्या लक्षात आलं. त्यावर बऱ्याच ओळी चढल्या होत्या. ताई म्हणाली राहू दे, वर गादी येणार, कोण बघतंय. आईने ऐकलं नाही.

"उसव," ती म्हणाली.

धाकट्याने तोंड वेडंवाकडं केलं, पण उसवलं. "उसव" कसं करायचं ते त्याला आता विचारावं लागलं नाही. उसवताना मात्र दोरीचा असा गुंता झाला की तो सोडवायला घरातली सगळी माणसं लागली. रविवार होता, म्हणून बायकोही होती. गच्चीभर आम्ही पाचजण त्या गुंत्याची टोकं धरून फिरत होतो आणि ताई खुर्चीतून कुणी कुठे वळायचं ते सांगत होती. गुंता सुटला तेव्हा सगळ्यांना भूक लागली होती. आईने भाजणीची थालीपिठं लावली, ताईसाठी वर लोण्याचा गोळा.

या दिवसांत कधीतरी सकाळची घंटा वाजायची बंद झाली. कुणी ठरवलं नाही. आधी ती उशिरा वाजायला लागली, मग घंटा देवघरातच राहिली. आईच सकाळी उठून मुलीला विचारायची, आज काय करायचं. तिने मुलीकडून गोधडी शिकायला घेतली. ऐकणाऱ्यांना हे उलटं वाटतं, पण आईला शिवण कधी येत नव्हतं. घर आणि शाळा सांभाळताना तिने सुई हातात घेतली ती फक्त बटण लावायला. शाळेत शिवणाच्या बाई आल्या नाहीत की ती त्या तासाला मुलींना गणितं घालायची. मुलीने सरोजिनी नगरातून, बायकोच्या बरोबर जाऊन, शिंप्यांकडची सुती कापडं गोळा करून आणलेली होती. त्यांचे थर घालून आजी आणि नात एका काठाला बसायच्या. आईचे टाके आले लांबलचक, शेतातल्या सरींसारखे. मुलगी तिच्यामागे लागायची, आजी, छोटा टाका घे, सरळ घे. आई खरोखर रागवायची. एकदा सुई टाकून उठून गेली आणि थोड्या वेळाने गुपचूप परत येऊन बसली. मी माझ्या लॅपटॉपच्या आडून हे बघत असे. आपल्या आईला कुणाकडून तरी शिकताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत आमच्याकडचा हस्तकलेचा मोठा मेळा भरला, तिथे आम्ही सगळे गेलो. मुलं एकेका विणकरापुढे जाऊन बसली. आईने एका काश्मिरी माणसाला टोपलीच्या काठाबद्दल इतके प्रश्न विचारले की त्याने तिच्यासाठी चहा मागवला. दुपारी आम्ही खायला बसलो होतो तेव्हा शेजारच्या कट्ट्यावर शाळेच्या गणवेशातल्या मुलींचा एक घोळका येऊन बसला. एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या, एका कुल्फीत चौघी खात होत्या, उगाचच खिदळत होत्या. आमची मुलगी खाणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं तिला कुल्फी हवी आहे. घेऊन दिली, तर तिने ती अर्धी भावाला देऊन टाकली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, बाज पुरी झाली होती आणि आम्ही सगळे गच्चीवर ऊन खात होतो, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, मला शाळेत जायचंय."

तिने ते अगदी हळू सांगितलं. मला लागू नये अशा बेताने. आणि लागलंच. मी विचारलं, इथे काही चुकतंय का, कंटाळा येतो का. ती म्हणाली, नाही, इथे सगळं छान आहे. फक्त इथे सगळे मोठे आहेत आणि भाऊ लहान आहे. तिला तिच्याच वयाच्या कुणाच्या तरी शेजारी बसायचं होतं. रोज, तीच मुलगी, एका बाकावर. मग मला कळलं की आईने नुसती बघायला म्हणून दाखवलेली ती शाळा आम्ही बाकी सगळे विसरलो होतो, ती एकटी विसरली नव्हती.

मला वाटलं आई खूश होईल. याचसाठी तर ती आली होती. पण आई बाजेवर गोधडी शिवत होती, तिने मान वर केली आणि म्हणाली, "कशाला?"

मुलगी बघतच राहिली. आई पुढे म्हणाली की इथे काय कमी आहे, गोधडी अजून अर्धी आहे, उन्हाळ्यात निळीचं काम शिकायचं ठरलं होतं, आणि वर्गात एवढी मुलं कोंबलेली असतात, कुणाकडे कोण बघणार. माझी बायको तोंड फिरवून कपडे वाळत घालायला लागली. तिचे खांदे हलत होते. मला हसू येत नव्हतं. संध्याकाळी आईला एकटं गाठून मी म्हणालो की तूच तर त्यांना शाळेत घालायला आली होतीस.

"आले होते," ती म्हणाली. "इतकी वर्षं शाळा चालवली मी, शाळा चांगलीच असते. पण ती सकाळी घरातून जाईल रे. मग मी कुणाबरोबर बसू?"

त्या एका वाक्याने माझंही मन मोकळं झालं, कारण मला वाटत होतं ते हेच होतं आणि मी त्याला शिक्षणाच्या नावाखाली बरीच वेगळी नावं देत होतो. मग ती म्हणाली, जाऊ दे तिला. पण शाळा मी बघणार.

तिने बघितली. आम्ही त्याच शाळेत गेलो. आईने इस्त्रीची नारायणपेठ नेसली, केसांचा घट्ट अंबाडा घातला. मुलीने सातवीसाठीची लेखी परीक्षा दिली. गणित उत्तम, विज्ञान बरं, हिंदी निबंधात निम्मे काना-मात्रा चुकलेले. नंतर मुख्याध्यापिकांनी आम्हाला आत बोलावलं. मुलाखत आमची होती, पण प्रश्न आईच विचारायला लागली. एका वर्गात किती मुली, खिडक्या उघड्या असतात का, खेळाचा तास परीक्षेच्या आधी काढून घेता का, मार कुणी देतं का. त्या बाई आधी जरा ताठरल्या. मग त्यांनी विचारलं, आप स्कूल में थीं? आईने हो म्हटल्यावर त्या हसल्या, आणि पुढचा वेळ त्या दोघी आजकालच्या पालकांबद्दल बोलत राहिल्या. पालक म्हणून मी तिथेच बसलेलो होतो. निघताना मुख्याध्यापिकांनी मुलीच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. कांद्याच्या सालांनी रंगवलेल्या सुताचा पट्टा होता तिचा. कुठून घेतली असं त्यांनी विचारलं. "मी विणली," मुलगी म्हणाली, मराठीतून, घाबरून.

एप्रिलमध्ये ती जायला लागली. पहिल्या दिवशी आईने पहाटे उठून तिचा डबा भरला, वेणी घातली आणि बसच्या थांब्यापर्यंत गेली. आल्यावर चहा घेतला नाही. धाकटा बाजेवर आडवा पडून म्हणाला, बरं झालं, आता ही पूर्ण माझी. दुपारी मुलगी आली ती दमून आणि वैतागून. शेजारी बसलेली मुलगी अजिबात बोलली नाही. क्राफ्टच्या तासाला थर्माकोलला चमकी चिकटवायला लावली. ऐन उकाड्यात पायात मोजे. आई हे सगळं ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर थोडा आनंद मी पाहिला, तो तिने लगेच लपवला. नको असेल तर सोड, असं ती म्हणालीही. मुलगी म्हणाली, उद्या जाऊन बघते.

त्या आठवड्यात ती रोज उद्या जाऊन बघत होती. मग एक दिवस तिने सांगितलं की शेजारची बोलली. ती बोलत नव्हती कारण तिलाही वाटलं होतं की हीच बोलत नाही. त्या मुलीचे वडील करोल बागेत सोनारकाम करतात आणि तिला तार वळवून साखळीची कडी करता येते. हे सांगताना आमची मुलगी उभ्या उभ्या खात होती आणि अर्ध्या तोंडाने बोलत होती, आणि आई तिला बसून खा म्हणायचीही विसरली.

आईचं तिकीट मार्चचं होतं, ते आम्ही पुढे ढकललं होतं. धाकटा आणि ती आता सकाळी दोघंच असतात. त्यांचं वेळापत्रक मला अजून कळलेलं नाही. कधी पाढे, कधी अंगणात ताईकडे जाऊन तिच्या माहेरच्या गोष्टी, कधी नुसतेच पाय वर करून दोघं रेडिओ ऐकतात. सोसायटीतल्या एका काकांनी तिला एकदा लिफ्टमध्ये विचारलं की हा मुलगा शाळेत नाही जात का. मी जीव मुठीत धरून उभा होतो. आई म्हणाली, "नहीं जाता. छान चाललंय त्याचं." काकांना दुसरं वाक्य कळलं नाही, पण तिचा सूर कळला, आणि ते आपल्या मजल्यावर उतरले.

मे महिन्यात, सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी, मुलीने त्या सोनाराच्या मुलीला आणि आणखी दोघींना घरी बोलावलं. त्या दिवशी निळीचं भांडं तयार होतं. मी आत काम करत होतो, फक्त आवाज ऐकू येत होते. कुणीतरी किंचाळलं, मग सगळ्याच हसल्या. थोड्या वेळाने बाहेर आलो तर गच्चीच्या दारात चारही जणी कोपरापर्यंत निळ्या हातांनी उभ्या होत्या आणि दोरीवर रुमाल वाळत होते, हिरवट दिसणारे आणि हवेत निळे होत जाणारे. आई त्यांच्यामध्ये बसून त्यांना सांगत होती की रंग कापडाला असा का चढतो, आणि त्या खरोखर ऐकत होत्या. धाकटा पन्ह्याचे पेले वाटत होता. संध्याकाळी त्यातल्या एकीच्या आईचा फोन आला, हात कशाने धुवायचे असं विचारायला. बायकोने सांगितलं की काही उपयोग नाही, दोन-तीन दिवसांनी आपोआप जाईल. तेव्हा पलीकडून त्या बाई म्हणाल्या की तिच्या धाकट्या बहिणीलाही पुढच्या वेळी पाठवलं तर चालेल का.

मी धाकट्याला विचारलं, तुला जायचंय का रे शाळेत. तो दोरीवरचा रुमाल उलटा करून बघत होता.

"बघू," तो म्हणाला, "अजून ठरवलं नाही."